वार्षिक उद्दिष्टे, कौटुंबिक वकील आणि ‘ताबा’ हा शब्द

व्यावसायिक संघटनांच्या वार्षिक उद्दिष्टांचा कागद हा गद्यलेखनाचा एक प्रकार म्हणून कोणी अभ्यासलेला नाही. तो अभ्यासावा इतके त्याचे नमुने मात्र आपल्या भोवती निश्चितच आहेत. डॉक्टरांच्या, वास्तुविशारदांच्या, प्राध्यापकांच्या, वकिलांच्या संघटना दरवर्षी असा कागद तयार करतात, वार्षिक सर्वसाधारण सभेत तो टाळ्यांच्या गजरात संमत होतो आणि पुढील वर्षी किंचित फेरफार करून पुन्हा मांडला जातो. या गद्याची काही व्यवच्छेदक लक्षणे सांगता येतील. त्यातील वाक्यांना बहुधा कर्ता नसतो. क्रियापदे ‘वाढविणे’, ‘बळकट करणे’, ‘चालना देणे’ आणि ‘जनजागृती करणे’ या चौकटीबाहेर सहसा जात नाहीत. काळ सदैव भविष्यकाळ असतो. आणि ज्याच्यासाठी हा सारा उद्योग चालला आहे तो मनुष्य, म्हणजे रुग्ण, विद्यार्थी वा अशील, त्या कागदावर क्वचितच अवतरतो. आम्हा प्राध्यापकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. नॅकच्या वार्षिक गुणवत्ता अहवालात ‘उद्दिष्टे’ आणि ‘फलनिष्पत्ती’ हे दोन रकाने भरता भरता आमची पिढी पन्नाशीकडे झुकली आहे.

असा एक कागद अलीकडे आमच्या विभागाकडे आला. आमच्या शहरातील कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांच्या एका संघटनेने आगामी वर्षाच्या उद्दिष्टांचा मराठी मसुदा ‘केवळ शुद्धलेखनाच्या दृष्टीने’ पाहण्यासाठी पाठवला होता. अकरा उद्दिष्टे होती. सभासदसंख्या वाढविणे, चार चर्चासत्रे घेणे, ग्रंथालय अद्ययावत करणे, बार रूममध्ये पिण्याच्या पाण्याची सोय करणे, सभासदांची परिचयपुस्तिका छापणे, महिला दिन साजरा करणे, इत्यादी. यांपैकी एकही गोष्ट वाईट नाही. पाण्याची सोय तर फारच आवश्यक. परंतु अकराही कलमे वाचून झाल्यावर असे लक्षात आले की ‘कौटुंबिक’ हा शब्द काढून तेथे ‘सहकार’ किंवा ‘मोटार अपघात’ हा शब्द घातला असता, तर मसुद्यात एका अक्षराचाही बदल करावा लागला नसता. शुद्धलेखन आम्ही तपासून दिले. पण मसुद्यात जे नव्हते त्याविषयी काही लिहावे असे वाटत राहिले, त्याचा हा परिणाम.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कौटुंबिक वकील हा इतर वकिलांसारखाच एक वकील आहे, असे आपला कायदाच मानत नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाचे तेरावे कलम सांगते की या न्यायालयात कोणत्याही पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क म्हणून हक्क नाही. न्यायालयाला आवश्यक वाटल्यास ते न्यायमित्राची मदत घेऊ शकते. नवव्या कलमाने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले, सहाव्या कलमाने समुपदेशकांची तरतूद केली, चौदाव्या कलमाने पुराव्याच्या कायद्याचा काच सैल केला. कायदेमंडळाच्या मनातील चित्र उघड आहे: एका टेबलाभोवती नवरा, बायको, न्यायाधीश आणि समुपदेशक, काळा कोट शक्यतो दाराबाहेर. प्रत्यक्षात मुंबईचे कौटुंबिक न्यायालय १९८९ मध्ये सुरू झाले तेव्हापासून आजवर काळा कोट आतच आहे, आणि त्याचे कारण केवळ वकिलांचा स्वार्थ हे नव्हे. पोटगीचा अर्ज, मालमत्तेची यादी, प्रतिज्ञापत्र या गोष्टी एकट्या बाईने वा बुवाने लिहून आणाव्यात ही अपेक्षा, दुर्दैवाने, कागदावरच शोभते. वकील तेथे परवानगीने आहे आणि आवश्यकही आहे. या अवघड जागी उभ्या असलेल्या माणसांच्या संघटनेने वर्षाच्या आरंभी स्वतःला विचारण्याचा प्रश्न ‘आम्ही किती वाढलो’ हा असू शकत नाही. ‘आमच्या असण्याने त्या टेबलाचे काय झाले’ हा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न एका संघटनेने खरोखरच विचारला होता, म्हणून तिचा इतिहास थोडा विस्ताराने पाहू. १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन कॉर्नवेल या वकिलाच्या पुढाकाराने ‘सॉलिसिटर्स फॅमिली लॉ असोसिएशन’ स्थापन झाली. आज ती ‘रिझोल्यूशन’ या नावाने ओळखली जाते. स्थापनेमागचे कारण विलक्षण होते. या वकिलांना स्वतःच्याच पत्रांची लाज वाटू लागली होती. घटस्फोटाच्या खटल्यात एका वकिलाने दुसऱ्याला पाठवलेले पत्र अशिलाला खूश करण्यासाठी जितके तिखट लिहावे, तितके घरातील भांडण वाढत जाते, आणि त्या भांडणाच्या मधोमध एखादे सहा वर्षांचे मूल उभे असते, हे त्यांना दिसत होते. म्हणून संघटनेने इतर कशाआधी सभासदांसाठी आचारसंहिता केली. सभासद होणे म्हणजे ती संहिता मान्य करणे. तिचा गाभा असा की वाद चिघळेल अशी भाषा वापरू नये, मुलांचे हित पुढे ठेवावे, तोडग्याच्या दिशेने चालावे. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. व्यावसायिकांची एक संघटना जन्माला येते आणि तिचे पहिले उद्दिष्ट दरपत्रक नसते, इमारत नसते, तर आपल्या गद्याची शैली बदलणे हे असते!

दुसरे उद्दिष्ट कायदा बदलण्याचे होते. इंग्लंडमधील १९७३ च्या कायद्यानुसार लगेच घटस्फोट हवा असेल तर जोडीदाराचा व्यभिचार किंवा त्याचे असह्य वर्तन सिद्ध करावे लागे. नाहीतर दोन वर्षे विभक्त राहून दुसऱ्याची संमती मिळवायची, आणि संमती नसेल तर पाच वर्षे थांबायचे. थांबणे परवडत नसल्याने लोक ‘वर्तना’चा आधार घेत आणि मग वर्तनाचे प्रसंग लिहावे लागत. सौम्य भाषेचे व्रत घेतलेले वकील ते प्रसंग जितके मवाळ लिहिता येतील तितके लिहीत. याचिका दाखल करण्यापूर्वी तिचा मसुदा दुसऱ्या बाजूला दाखवण्याची चांगली प्रथाही त्यांच्यात रुजली. आणि २०१८ मध्ये ओवेन्स खटल्यात या दोन उद्दिष्टांची टक्कर झाली. पत्नीची याचिका त्या सौम्य पद्धतीनेच लिहिलेली होती. पतीने विरोध केला आणि खालच्या न्यायालयाला ते प्रसंग अगदीच किरकोळ वाटले. सर्वोच्च न्यायालयाने नाराजी व्यक्त केली, पण कायदा आहे तसा लावला, आणि त्या बाईला पाच वर्षे पुरी होईपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत, नको असलेल्या विवाहात राहावे लागले. रिझोल्यूशनने या खटल्यात मध्यस्थ म्हणून बाजू मांडली होती. सभ्य भाषेत लिहिले तर न्याय मिळत नाही आणि न्याय हवा तर असभ्य लिहावे लागते, हे त्या एका निकालाने इतके ठळक झाले की कायदा बदलणे अटळ ठरले. २०२० मध्ये नवा कायदा संमत झाला आणि ६ एप्रिल २०२२ पासून अमलात आला. आता तेथे कोणी कोणावर दोषारोप करायचा नाही. विवाह मोडला आहे एवढे निवेदन पुरते. अर्जापासून पहिल्या आदेशापर्यंत वीस आठवडे आणि नंतर सहा आठवडे थांबावे लागते, इतकेच.

१९८२ ते २०२२. चाळीस वर्षे. वार्षिक उद्दिष्टांच्या संदर्भात या आकड्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. मधल्या काळात १९९६ मध्ये दोषविरहित घटस्फोटाचा कायदा पार्लमेंटने एकदा संमत केला होता; पण त्याचा तो भाग कधीच अमलात आला नाही आणि पुढे तो रद्दही झाला. म्हणजे चौदाव्या वर्षी उद्दिष्ट ‘साध्य’ झाले आणि नंतर हातातून निसटले. केवळ वार्षिक अहवालाच्या हिशेबाने पाहिले तर या संघटनेची जवळपास चाळीसही वर्षे नापासच ठरतील. तरीही दर वर्षी करण्यासारखे काही ना काही त्या उद्दिष्टातच दडलेले होते: पत्र लिहिण्याची पद्धत शिकवणे, मसुदे तपासणे, न्यायालयासमोर निवेदन करणे. मला वाटते, वर्षाचे उद्दिष्ट आणि संघटनेचे उद्दिष्ट यांचे नाते असेच असावे. आमच्याकडे आलेल्या मसुद्यात वर्षाची कामे होती, पण ती कोणत्या लांबच्या गोष्टीची पायरी आहेत याचा पत्ता नव्हता.

आता आपल्याकडे वळू. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय १९७६ पासून आहे. पण एकाची संमती नसेल तर क्रूरता, परित्याग, व्यभिचार असे काहीतरी सिद्ध करण्याला पर्याय नाही. विवाह पूर्णतः मोडकळीस आला हे स्वतंत्र कारण मानावे अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ मध्ये, आपल्या एकाहत्तराव्या अहवालात केली; २०१३ मध्ये राज्यसभेने तसे विधेयक संमतही केले; पुढे ते बारगळले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने घटनेच्या १४२ व्या कलमाखाली आपण असा घटस्फोट देऊ शकतो असे म्हटले, परंतु तो अधिकार सर्वोच्च न्यायालयापुरता आहे. कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला अद्याप दोषच लिहावा लागतो. आणि म्हणून आपली याचिका कशी लिहिली जाते हा प्रश्न आपल्याकडे इंग्लंडहून अधिक तातडीचा आहे.

अशा मराठी याचिका मी काही वाचल्या आहेत. एका माजी विद्यार्थिनीने आपल्या आईवडिलांच्या खटल्याची जुनी नक्कल मिळवली होती. खटला चालला तेव्हा ती चार वर्षांची होती. आपल्याला नीट कळत नाही म्हणून ती कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आली. शब्द तिला कळत होते. तिला कळत नव्हते ते हे की आईच्या याचिकेतला बाप आणि बापाच्या कैफियतीतली आई या दोन व्यक्तींपैकी एकालाही ती ओळखत नव्हती. ‘जाबदार हा अत्यंत तापट, संशयी व व्यसनी इसम असून’, ‘अर्जदार ही पहिल्यापासूनच हेकेखोर, उर्मट व संसाराची आवड नसलेली स्त्री असून’ अशा वळणाची वाक्ये पानामागून पाने होती. तिने विचारले, ‘सर, हे त्यांनी म्हटलंय की वकिलांनी?’ भाषाशास्त्राच्या वर्गात निवेदक आणि लेखक यांतील भेद मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. या प्रश्नाला तो पुरला नाही.

त्यानंतर परिचयातील वकिलांकडून नावे काढून टाकलेले काही मसुदे मागवून पाहिले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ही भाषा साच्यातून आलेली आहे. ‘क्षुल्लक कारणावरून’, ‘घालूनपाडून बोलणे’, ‘अनन्वित छळ’, ‘माहेरहून पैसे आणण्याचा तगादा’, ‘उपाशीपोटी ठेवणे’, ‘नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर काढणे’: ही शब्दसंहती याचिकेमागून याचिकेत जशीच्या तशी उतरते. एकेकाळी, कदाचित पन्नास वर्षांपूर्वी, कोणातरी वकिलाने कोणातरी बाईचे म्हणणे ऐकून ‘नेसत्या वस्त्रानिशी’ हे शब्द पहिल्यांदा लिहिले असतील तेव्हा त्यात केवढा अर्थ असेल! आज ते याचिकेच्या मायन्यासारखे झाले आहेत. आणि याचा तोटा कोणाला होतो? जिला खरोखर नेसत्या वस्त्रानिशी बाहेर काढले तिला. तिचे वाक्य आणि जिला तसे काढलेले नाही तिचे वाक्य एकसारखेच असल्यामुळे न्यायाधीशाच्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. साचेबद्ध भाषेने अनुभव मरतो हे आपण कवितेच्या समीक्षेत सहज म्हणून जातो. येथे त्याची किंमत एका माणसाच्या पोटगीत मोजली जाते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. सौम्य भाषेचा आग्रह म्हणजे सोसणाऱ्या बाईला पुन्हा ‘जरा हळू बोल’ असे सांगणे नव्हे काय? आपल्याकडे घरातली गोष्ट घरातच ठेवण्याच्या संस्काराने किती जणींची तोंडे बांधली, हे सांगायला नको. मालतीबाई बेडेकरांनी ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने कथा लिहिल्या, त्यामागे हेही एक कारण होतेच; आणि त्याच मालतीबाईंनी के. ना. केळकरांसमवेत ‘हिंदू व्यवहार धर्मशास्त्र’ हा ग्रंथही सिद्ध केला, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे. त्याआधी रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने इंग्रजी वृत्तपत्रात पत्रे लिहिली. नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जाणे पत्करीन, ही त्यांची भूमिका काही सौम्य नव्हती. तेव्हा मवाळपणा हे मूल्य म्हणून मला मान्य नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालील अर्जात मार लपवणारा वकील सभ्य नसतो, बेजबाबदार असतो.

परंतु उघडपणा आणि अलंकरण यांत भेद आहे, आणि तो भेद ओळखणे हा तर आमच्या विषयाचाच भाग. ‘जाबदाराने अनन्वित छळ केला’ यापेक्षा ‘अमुक तारखेला रात्री जाबदाराने अर्जदाराच्या उजव्या हातावर गरम उलथने टेकवले’ हे वाक्य अधिक कठोर आहे, अधिक खरे आहे आणि उलटतपासात अधिक टिकते. त्यात विशेषण एकही नाही. उलटपक्षी ‘हेकेखोर, उर्मट, तापट’ या विशेषणांनी काहीच सिद्ध होत नाही. ती फक्त जखम करतात आणि नक्कल म्हणून पन्नास वर्षे कपाटात राहतात. म्हणून संघटनेला एखादे भाषिक उद्दिष्ट घ्यायचे असेल, तर ते ‘सौम्य लिहा’ असे नसावे. घडलेले लिहा, माणसाचे वर्णन करू नका, असे ते असावे. आणि हे उद्दिष्ट मोजताही येते, हे त्याचे व्यावहारिक वैशिष्ट्य. वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस नावे काढलेल्या पंचवीस-पंचवीस याचिका घेऊन बसावे आणि पेन्सिलीने विशेषणे मोजावीत.

शब्दांकडे असे पाहू लागल्यावर ‘ताबा’ हा शब्द चुकवता येत नाही. आपल्या न्यायालयात घराचा ताबा असतो, जमिनीचा ताबा असतो, जप्त मालाचा ताबा असतो आणि मुलाचाही ताबाच असतो. ‘अज्ञान मुलाचा कायम ताबा अर्जदाराकडे देण्यात यावा’ हे वाक्य याचिकेच्या शेवटी मागणीच्या कलमात येते, बहुधा दागिने आणि भांडी परत मागणाऱ्या कलमाच्या आगेमागे. इंग्रजीतील मूळ शब्दही काही फार प्रेमळ नव्हे. कैद्यालाही तोच लागतो. म्हणूनच इंग्लंडने १९८९ च्या बालकविषयक कायद्यात तो शब्द काढून मूल कोणाकडे राहील आणि कोणाला भेटेल अशी शब्दयोजना केली आणि २०१४ मध्ये तीही बदलून ‘मुलाच्या व्यवस्थेचा आदेश’ असे नाव दिले. २०२२ च्या बदलातही जुन्या लॅटिन वळणाच्या संज्ञा जाऊन ‘सशर्त आदेश’ आणि ‘अंतिम आदेश’ असे साधे शब्द आले. यावर कोणी म्हणेल की शब्द बदलून काय होते, लोक तर अजून जुनाच शब्द वापरतात. खरे आहे. तेथील आईबाप आणि वर्तमानपत्रेही तीस वर्षांनंतर जुनाच शब्द वापरताना आढळतात. शब्द बदलला म्हणजे मन बदलले असे मानण्याइतके भाबडे आपण नसावे.

तरीसुद्धा कायद्यात एका शब्दाने काय होऊ शकते याचे एक उदाहरण साहित्याच्या माणसांना जवळचे वाटावे असे आहे. कादंबरीकार गीता हरिहरन यांनी मुलासाठी रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांचा अर्ज केला, तेव्हा पालक म्हणून आईची सही चालणार नाही असे त्यांना कळवण्यात आले. कारण १९५६ च्या कायद्यानुसार नैसर्गिक पालक वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असा न घेता ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असा घेतला, आणि अनुपस्थितीत त्यांची उदासीनताही धरली. कायद्यातले एक अक्षरही न बदलता, एका शब्दयोगी अव्ययाच्या अन्वयार्थाने असंख्य आयांचे स्थान पालटले. (व्याकरणाच्या तासाला मागच्या बाकावर झोपणाऱ्यांना हे उदाहरण द्यावे.) विधी आयोगाने २०१५ मध्ये, २५७ व्या अहवालात, सामायिक पालकत्वाचा विचार मांडला, त्याला मराठीत काय म्हणायचे हे कोणी ठरवलेले नाही. ‘संयुक्त ताबा’ असे भाषांतर रूढ होण्याआधी वकिलांच्या संघटनेने ‘संगोपन’, ‘सहवास’, ‘पालकत्व’ या आपल्याकडे असलेल्या शब्दांतून निवड केली तर बरे. कायद्यात तो शब्द येईल तेव्हा येईल. मागणीच्या कलमात, मुलाच्या संदर्भात, ‘मुलाचे संगोपन अर्जदाराकडे असावे आणि जाबदाराचा सहवास मुलाला पुढीलप्रमाणे मिळावा’ असे लिहिण्यास आजही कोणाची हरकत नसावी. या वाक्यात सहवास मुलाला मिळतो. जुन्या वाक्यात भेटीचा हक्क बापाला मिळत असे.

‘नांदणे’ या शब्दाबद्दलही असेच लिहिता येईल. नवदांपत्याला आशीर्वाद देताना वापरायचे हे सुंदर क्रियापद दाव्याच्या शीर्षकात येते आणि एकदम समन्स होते. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

केवळ भाषेवर सारे सोडून द्यावे असे माझे म्हणणे नाही, आणि मराठीच्या माणसाने सगळीकडे भाषाच पाहावी हाही एक व्यावसायिक दोषच. पोटगीचे घ्या. हिंदू विवाह कायद्याच्या चोविसाव्या कलमात २००१ मध्ये एक परंतुक आले: अंतरिम पोटगीचा अर्ज, शक्य तोवर, नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा. २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंनी मालमत्तेचे व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच द्यावे असे सांगितले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी असेही सांगितले. हे साठ दिवस कोठे जातात हे न्यायालयाच्या आवारात उभे राहिलेल्या कोणालाही विचारावे. त्यातले काही न्यायाधीशांच्या अपुऱ्या संख्येत जातात, काही समन्सच्या बजावणीत जातात. आणि काही, हे वकीलमित्रच खाजगीत सांगतात, तहकुबीच्या अर्जांत जातात. पहिल्या दोहोंवर संघटनेचा ताबा नाही (येथे हा शब्द योग्य आहे). तिसऱ्यावर आहे. अंतरिम पोटगीच्या अर्जात आपला सभासद एकाहून अधिक तहकुबी मागणार नाही आणि प्रतिज्ञापत्र पहिल्याच तारखेला देईल, असा ठराव एखाद्या संघटनेने करावा आणि वर्षाखेर रोजनाम्यांवरून स्वतःचा हिशेब मांडावा. असे उद्दिष्ट अकरा कलमांत का नव्हते, याचे उत्तर अवघड नाही. त्यात दुसऱ्याला शिकवायचे काही नव्हते. स्वतःला बांधून घ्यायचे होते.

व्यावसायिक संघटनेला सभासदांचे हित पाहावेच लागते, हे मी नाकारत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या घरातले ऐकून संध्याकाळी स्वतःच्या घरी जाणाऱ्या या माणसांच्या मनावर काय परिणाम होत असेल, याचाही विचार संघटनेनेच करायचा. नवोदित वकिलांना सुरुवातीची वर्षे फारशी मिळकत नसते आणि अशिलाला भडक याचिका हवी असते. ‘वकीलसाहेब, जरा कडक लिहा’ हे वाक्य नाकारणे एकट्या नवोदिताला परवडत नाही. म्हणूनच येथे संघटना हवी. ‘आमच्या संघटनेच्या नियमात ते बसत नाही’ असे त्याला म्हणता आले पाहिजे. जॉन कॉर्नवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी नेमकी हीच सोय करून ठेवली. सभ्यपणा एकट्याच्या मर्जीवर असला की तो महाग पडतो, सगळ्यांचा नियम झाला की स्वस्त होतो.

राहता राहिला आमचा, म्हणजे मराठीच्या विभागांचा प्रश्न. १९९८ पासून महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे. आमच्या पदवीच्या अभ्यासक्रमात ‘व्यावहारिक मराठी’ची प्रश्नपत्रिकाही आहे, तीत विद्यार्थी रजेचा अर्ज लिहितो, सभेचे इतिवृत्त लिहितो, दूरध्वनी दुरुस्त न झाल्याची तक्रार लिहितो. (दूरध्वनी गेले, तक्रार राहिली.) ज्या मराठी गद्याने सामान्य माणसाचे घर, मूल आणि पोटगी ठरते त्या गद्याचा एकही परिच्छेद आम्ही वर्गात नेत नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आम्ही प्रेमाने शिकवतो, लुटुपुटीच्या खटल्यात खटल्याचीच भाषा एका बाईभोवती कशी आवळत जाते याची प्रश्नोत्तरे लिहून घेतो, आणि तीच भाषा चार चौकांपलीकडे रोज टंकलिखित होते आहे याची दखल घेत नाही. त्या संघटनेला मसुदा परत पाठवताना आम्ही सोबत एक पत्र जोडले: नावे, पत्ते, तारखा काढून टाकलेल्या पंचवीस मराठी याचिका आम्हाला द्याव्यात, जुलैपासून महिन्यातून एका शनिवारी तीन तरुण वकील आणि आमचे तीन विद्यार्थी यांनी एकत्र बसून त्या वाचाव्यात. त्यांच्या कार्यकारिणीची बैठक पुढील आठवड्यात आहे. पत्र विषयपत्रिकेत नवव्या क्रमांकावर आहे, पाण्याच्या सोयीनंतर.